सहावरून एक्केचाळीस

१२ जानेवारी

भोंग्या,

तुझं डिसेंबरचं पत्र मिळालं. त्यात तू लिहितोस, "गोटीचा फोटो आला. छान गुबगुबीत झाली आहे, बघून मन भरलं." मन भरलं असेल तर आता हातातला पाना खाली ठेव, बसून घे आणि पुढचं वाच.

गोटी गुबगुबीत झालेली नाही. गोटी सुजलेली आहे.

तुझी बायको गेली, तू सहा महिन्यांनी पुन्हा जहाजावर गेलास आणि तीन वर्षांची मुलगी वरच्या मजल्यावरच्या शिंपिणीकडे ठेवून गेलास. मी तेव्हाच म्हटलं होतं, माझ्याकडे ठेव. तू म्हणालास, "मावशी, तुझं वय झालं, आणि तुझ्या घरात मुलांना शिंकायलासुद्धा परवानगी लागते." बरं. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात मी ज्या थोड्या वेळा गप्प बसले, त्या प्रत्येक वेळी कुणाचं तरी नुकसान झालं आहे.

गेल्या गुरुवारी मी तिला बघायला गेले. पोरगी शिलाई मशीनच्या खाली चिंध्यांवर बसली होती. खेळत नव्हती, नुसती बसली होती. मला बघून हसली नाही, रडली नाही. केस तांबूस आणि विरळ. मी तिच्या पायावर अंगठा दाबला, तर खळगा पडला, आणि तो भरून यायला इतका वेळ लागला की मधल्या वेळात मी शिंपिणीला सगळं बोलून घेतलं.

"काय खाते ही?"

"अहो ताई, काही म्हणजे काही कुरकुर नाही हिची. भाताची पेज देते, साखर घालून. सकाळ-संध्याकाळ चहा-बिस्किट."

"दूध? अंडं? डाळ?"

"ते तिला पचत नाही."

"कुणी सांगितलं?"

"तिनेच."

साडेतीन वर्षांच्या मुलीने वैद्यकीय सल्ला दिला आणि या बाईने तो पाळला! वाईट बाई नाही ती. तिने गोटीला तीन फ्रॉक शिवले आहेत, एकसे एक. पण त्या फ्रॉकात मुलगी फुगत चालली आहे हे तिला दिसलं नाही. फोटोत तुलाही दिसलं नाही, म्हणून तिला जास्त बोलत नाही.

मी गोटीला उचललं आणि थेट मुलांच्या हॉस्पिटलात नेलं. तिथली डॉक्टर इतकी लहान आहे की मी तिलाच विचारलं, "बाळ, डॉक्टर कुठे आहेत?" तिने चष्मा वर केला आणि म्हणाली, "मीच आहे, आजी. बसा." तेव्हापासून मी तिला चष्मेवाली म्हणते. तिने सांगितलं की मुलीचं पोट रोज भरत होतं, पण शरीर उपाशी होतं. पेज आणि साखर म्हणजे नुसतं जळण. अंग बांधायला लागतं ते प्रथिन, आणि ते तिच्या पोटात महिनोन् महिने गेलेलंच नाही. म्हणून वाढ थांबली आणि अंगात पाणी साठलं.

मग मला वाटलं, आता हे लोक तिला भरपूर खायला घालतील. तर नाही! दर दोन तासांनी औषधाच्या वाटीएवढं पातळ दूध, तेही मोजून. मी दुसऱ्याच दिवशी पर्समधून उकडलेलं अंडं नेलं. वॉर्डाच्या दाराशी मेट्रन.

"पर्समध्ये काय आहे?"

"रुमाल."

"रुमालाला अंड्याचा वास येतोय."

अंडं जप्त झालं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर मेल्या नाहीत, त्या सगळ्या मेट्रन झाल्या आहेत. चष्मेवाली मात्र शांतपणे म्हणाली, "आजी, बरेच महिने बंद पडलेला कारखाना आहे हा. पहिल्याच दिवशी मालाचे ट्रक आणून ओतले तर कामगार चिरडतील. एक आठवडा थांबा, मग तुम्हीच दमाल इतकं खायला घालायला सांगते."

थांबले आहे. तू कुठे आहेस, कधी येणार, ते लिही. आणि 'मन भरलं' हा शब्दप्रयोग पुन्हा करू नकोस.

मावशी

---

३० जानेवारी

मावशी,

पत्र एजंटकडून काल हातात पडलं. इंजिनरूममध्ये वाचलं, म्हणजे कुणाला तोंड दिसणार नाही.

तो फोटो मी अख्ख्या मेसमध्ये फिरवला होता. "बघा, बापाविना कशी टम्म झाली आहे," असं म्हणालो होतो. टम्म हाच शब्द. आता तो माझ्या कानात वाजतो.

करार जूनपर्यंत आहे. मधे सोडलं तर पुन्हा जहाज मिळणार नाही. मी कितीही भोंगा असलो तरी इथून तिच्यापर्यंत आवाज पोचत नाही. तू आहेस म्हणून निभावलं. ती घरी आली की तुझ्याकडेच ठेव, निदान मी येईपर्यंत.

एक विनंती आहे. मला "बरी आहे", "सुधारते आहे" असं काही लिहू नकोस. शिंपीणबाई दर महिन्याला तेच लिहायच्या. मी यंत्रावरचा माणूस आहे, काटा कुठे आहे ते सांग. वजन, उंची, रक्ताचे रिपोर्ट, जे असेल ते, आकड्यांत. मला आकडे वाचता येतात.

शिंकायच्या परवानगीबद्दल जे बोललो, ते मागे घेतो.

तुझा,
भोंगा

---

२४ फेब्रुवारी

भोंग्या,

गोटी घरी येऊन तीन आठवडे झाले. तुला आकडे हवे आहेत ना, घे.

सकाळी एक अंडं. ते ती खाताना आधी पांढरं सोलून बाजूला ठेवते, पिवळ्याचा फडशा पाडते, मग पांढऱ्याशी वाटाघाटी करते. दहा वाजता दूध. दुपारी घट्ट डाळ-भात, त्यावर एक चमचा तेल, चष्मेवालीने सांगितलं आहे म्हणून. चार वाजता भाजलेल्या शेंगदाण्यांची पूड गुळात. संध्याकाळी मासा किंवा उसळ. काटे मी काढते, चष्मा लावून, भिंग घेऊन. चौतीस वर्षं मुद्रितशोधक होते मी, पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात. जिने चौथीच्या भूगोलातला निसटलेला अनुस्वार पकडला, तिच्या नजरेतून माशाचा काटा सुटेल काय?

आता ती बोलते. काल शिंपीण भेटायला आली, नवा फ्रॉक घेऊन. गोटीने तिला दारातच सांगितलं, "मला अंडं पचतं." शिंपीण तिथेच पायरीवर बसून रडली. मी तिला चहा दिला. बिस्किट दिलं नाही.

वजनाचं सांगते, पण दचकू नकोस. भरती केली तेव्हा अकरा किलो चारशे. दोन आठवड्यांत नऊ किलो नऊशे झालं. मी चष्मेवालीशी भांडायला गेले, तर ती म्हणाली, "आजी, गेलं ते पाणी. उरली ती मुलगी." आता दहा सहाशे आहे, आणि हे सगळं खरं वजन.

आणखी एक. चष्मेवाली एक अभ्यास करते आहे, उपासमारीतून उठणाऱ्या मुलांना प्रथिनं दिली की वाढीच्या हार्मोनचं काय होतं, असा. मला विचारून तिने गोटीचं रक्त दोनदा तपासलं, एकदा दहा जानेवारीला आणि एकदा एकवीस फेब्रुवारीला. परवा रिपोर्ट घ्यायला गेले, तर बाई लग्नाला म्हणून आठ दिवस रजेवर. खिडकीवरच्या माणसाने दोन्ही कागद हातात दिले आणि "नेक्स्ट" म्हणाला. समजावून सांगायला कुणी नाही. म्हटलं, मला काय वाचता येत नाही?

छपाई इतकी पुसट होती की मी सगळं स्वच्छ टाइप करून सोबत जोडलं आहे. मूळ कागदांत तारखांची एक ढोबळ चूक होती, ती मी टाइप करतानाच दुरुस्त केली. अशा चुका मला डोळे मिटूनही दिसतात. वाढीचा हार्मोन: जानेवारीत सहा, फेब्रुवारीत एक्केचाळीस. सहावरून एक्केचाळीस, भोंग्या! सहा आठवड्यांत! खाली सोमॅटोमेडिन-सी नावाची आणखी एक ओळ आहे. तिचे आकडेही उतरवले आहेत, पण अर्थ विचारू नकोस. इतका लांब शब्द असणारी गोष्ट महत्त्वाची नसते, हा माझा अनुभव आहे.

गोटी विचारते, बाबांचं जहाज किती अंडी खातं?

मावशी

---

१९ मार्च

मावशी,

तुझं पत्र आणि टाइप केलेला कागद मिळाला. आधी फार आनंद झाला. मग इथल्या बंदरात कंपनीचे डॉक्टर आमच्या तपासणीला आले होते, त्यांना तो कागद दाखवला. म्हातारे गृहस्थ आहेत, मुलांचेच डॉक्टर होते पूर्वी.

त्यांनी कागद दोनदा वाचला. मग विचारलं, "ही मुलगी कुणाकडे असते?" मी म्हटलं, माझ्या मावशीकडे. ते म्हणाले, "तुमच्या मावशी तिला काय घालतात? जानेवारीत मुलीची स्थिती ठीक होती. फेब्रुवारीत पार घसरली आहे. हे आकडे उपाशी मुलाचे आहेत. आणि तुम्ही सांगता त्याप्रमाणे वजनही उतरलंय."

मी म्हटलं, अहो, हार्मोन तर वाढला आहे. ते म्हणाले, "तेच तर." आणि पुढच्या माणसाला बोलावलं. बाहेर तीसजण रांगेत होते.

मावशी, मी तुझ्यावर आरोप करत नाही. पण शिंपीणबाईंनीही मला दर महिन्याला आनंदाचीच पत्रं लिहिली. तुझ्या पत्रात अंडी आहेत, मासे आहेत, सगळं आहे, फक्त कागदावर उलटं आहे. आणि मी कागदावर विश्वास ठेवायचा ठरवलं आहे, कारण माणसांवर ठेवून एकदा झालं.

कंपनीचं खलाशांच्या मुलांसाठी वसतिगृह आहे. तिथे नर्स असते, आहार तक्ता असतो. डॉक्टरांनी शिफारस दिली आणि मी अर्जावर सही केली. दोन मेला तिथल्या बाई गोटीला न्यायला येतील. तिचे कपडे तयार ठेव.

रागावशील, माहीत आहे. दुसरं काही सुचत नाही.

भोंगा

---

२ एप्रिल

भाच्या,

भोंगा म्हणण्याइतकी मी आज तुझ्यावर खूश नाही.

तीसजण रांगेत उभे असताना एका म्हाताऱ्याने अर्धा मिनिट कागद बघितला, आणि तू सही केलीस! मी पोरीला उपाशी ठेवते? मी? इथे ये आणि माझ्या केराच्या टोपलीतली अंड्यांची टरफलं मोज, तुला आकडे आवडतात ना.

तुझ्या त्या डॉक्टरला म्हणावं, वाढीचा हार्मोन वाढला म्हणजे मूल उपाशी आहे, असं ज्या शाळेत शिकवतात त्या शाळेचं नाव कळवा, मी तिथली सगळी पुस्तकं तपासून देते. फुकट.

आणि वसतिगृह! आहार तक्ता! मी सात वर्षं कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात काढली. आहार तक्ता भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत, फार सुंदर अक्षरात. आम्ही जेवायचो ते वेगळंच. माझी उंची चार फूट नऊ इंच का आहे, असं तुला कधी वाटलं नाही?

उद्या चष्मेवालीकडे जाते आहे, मूळ कागद आणि माझी प्रत घेऊन. तिच्याकडून लेखी आणते की तुझा डॉक्टर मूर्ख आहे. मग बोलू.

मावशी

---

५ एप्रिल

भोंग्या,

हे पत्र मी चारदा लिहायला घेतलं. तीन कागद फाडले. हा फाडणार नाही.

तुझा डॉक्टर मूर्ख नाही.

चष्मेवालीसमोर मी माझी टाइप केलेली प्रत आपटली. म्हटलं, "याचा अर्थ सांगा, आणि मोठ्याने सांगा." तिने वाचली. तिचा चेहरा बदलला. गोटीला जवळ घेतलं, पाय दाबून बघितले, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, हसवून बघितलं. मग पुन्हा कागद.

"आजी, हे टाइप कुणी केलं?"

"मी."

"तारखा उलट आहेत."

"तारखा सुलट आहेत. तुमच्या उलट होत्या. मी दुरुस्त केल्या."

"का?"

"का म्हणजे? तुमच्या कागदावर जानेवारीत एक्केचाळीस आणि फेब्रुवारीत सहा होतं. मुलगी वाढते आहे आणि वाढीचा हार्मोन उतरतो? ही कंपोझिटरची चूक आहे, एवढं मला कळतं."

ती हसली नाही, हे तिचे उपकार. तिने मला बसवलं, पाणी दिलं, आणि कागदाच्या मागे चित्र काढून सांगितलं. मला समजलं तसं लिहिते. मेंदूच्या खाली एक एवढीशी गाठ असते. ती वाढीचा हार्मोन सोडते, म्हणजे हुकूम देते: वाढा. पण हाडं तो हुकूम पूर्णपणे थेट ऐकत नाहीत. तो मुख्यतः लिव्हरकडे जातो, आणि लिव्हर आपल्या सहीने पुढचा निरोप पाठवतं. तो निरोप म्हणजेच ते लांब नावाचं सोमॅटोमेडिन. खाण्यात प्रथिन नसलं की लिव्हर कानांत बोळे घालून बसतं. हुकूम आला तरी निरोप निघत नाही. मग वरची गाठ काय करते? आणखी जोरात ओरडते. उपाशी मुलाच्या रक्तात वाढीचा हार्मोन रग्गड असतो आणि मूल मात्र वाढत नाही.

मी म्हटलं, "म्हणजे एक्केचाळीस ही वाढ नव्हे."

"ती नुसती ओरड आहे, आजी."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, कारण हे मी चौतीस वर्षं डोळ्यांनी बघितलं आहे. संपादक वरून चिठ्ठ्या पाठवतो, प्रूफ कुठे आहे, प्रूफ कुठे आहे. खाली शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा कंपोझिटर हातावर हात ठेवून बसलेला असतो, कारण त्याच्या खणांत खिळेच नाहीत. चिठ्ठ्यांचा ढीग पडतो आणि पान एकही जुळून लागत नाही. ज्या दिवशी खिळ्यांची पेटी येते, त्या दिवशी पानं खाली छापायला जातात आणि वरून चिठ्ठ्या बंद होतात. प्रथिनं म्हणजे ते खिळे. कुणी नुसत्या चिठ्ठ्या मोजल्या, तर त्याला वाटेल, काय जोरात काम चाललंय! मी चिठ्ठ्या मोजल्या, भोंग्या.

चष्मेवाली म्हणाली, "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगू का?"

"सांगा. पण मी कशी चुकले ते नका सांगू."

"तेच आधी सांगणार," ती म्हणाली. मग विचारलं, "पण आजी, दुसरी ओळ बघितलीत का? निरोपाची?"

मूळ कागदावर जानेवारीत बावीस, फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णव. पान लागलं आहे. ती ओळ मी वाचलीच नव्हती. जी ओळ कळली नाही ती बिनमहत्त्वाची ठरवली आणि जी कळली असं वाटलं ती दुरुस्त केली. माझ्या हाताखालच्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

तुझ्या डॉक्टरने माझा कागद अगदी बरोबर वाचला. खोटा कागद, बरोबर वाचन.

कॉन्व्हेंटमध्ये शुक्रवारी पाद्रीसमोर पापांच्या कबुलीची रांग लागायची. आम्ही ख्रिस्ती नसलेल्या काहीजणी त्यात नसायचो, बाहेरच्या बाकावर बसून शेंगा खायचो. या मुली आत एवढं काय सांगतात, असं मला नेहमी वाटायचं. एवढंच सांगत असणार: चूक माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही. वाक्य छोटं आहे, पण गळ्यातून बाहेर पडायला पंचावन्न वर्षं लागली.

मूळ कागद सोबत आहेत, हॉस्पिटलच्या शिक्क्यासह. चष्मेवालीची चिठ्ठीही आहे. मी एकाही अक्षराला हात लावलेला नाही. तिच्या चिठ्ठीत 'स्थिती'ची पहिली वेलांटी दीर्घ पडली आहे, तीसुद्धा तशीच ठेवली.

तुला माझ्यावर विश्वास ठेव म्हणत नाही. तो मी घालवला. फक्त हे कागद त्याच डॉक्टरांना दाखव. ते काय म्हणतील त्याप्रमाणे कर. दोन मेच्या आत कळव. नाही कळवलंस तर मी तिचे कपडे तयार ठेवीन. पाच फ्रॉक आहेत.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती रोज सकाळी मला उठवते आणि म्हणते, "अंड्याची वेळ."

मावशी

---

२८ एप्रिल

मावशी,

तार केली आहे, ती याच्या आधी पोचेल. तरी पुन्हा लिहितो. वसतिगृह रद्द. अर्ज मागे घेतला.

ते डॉक्टर पुढच्या बंदरात होते. मी त्यांना गाठायला कप्तानाच्या हातापाया पडून चार तासांची सुट्टी घेतली. त्यांनी शिक्क्याचे कागद आणि तुझा टाइप केलेला कागद शेजारी शेजारी ठेवले आणि खुर्चीत मागे रेलून असे हसले की नर्स आत आली. म्हणाले, "चाळीस वर्षांत मी खोटे रिपोर्ट पुष्कळ पाहिले. सगळे स्वतःला वाचवण्यासाठी केलेले. स्वतःलाच फासावर चढवणारा हा पहिला." मग म्हणाले, मुलगी फार छान चालली आहे, आणि असं खायला घालणारं माणूस मिळालं असेल तर सोडू नका.

मावशी, आता माझी कबुली. पंपाचा दाब वाढला म्हणजे पाणी पोचतंय, असं इंजिनरूममधला नवखासुद्धा म्हणत नाही. पुढचा व्हॉल्व्ह अडकला की दाब चढतो, हे मला विसाव्या वर्षापासून माहीत आहे. मी डॉक्टरांना थांबवून "तेच तर म्हणजे काय?" असं विचारू शकलो असतो. विचारलं नाही. कारण तू चुकलीस असं कळल्यावर मला आतून बरं वाटलं होतं. गोटीला उपाशी ठेवणारा मी एकटाच नाही, असं वाटलं. तुझी चूक टाइपरायटरवर झाली. माझी कुठे झाली ते तू ओळखलं असशील, आणि तरी पत्रात लिहिलं नाहीस.

ती तुझ्याकडेच राहील. मी येईन-जाईन. तू ठेवून घेणार असशील तर.

बारा जूनला उतरतो आहे. इथल्या बाजारात मुलींचे चामड्याचे लाल बूट फार सुंदर मिळतात. तिच्या पावलाचं माप काढून पाठव, कागदावर पेन्सिल फिरवून. फ्रॉकचंही माप पाठव. या वेळी मी स्वतः घेणार आहे.

भोंगा

---

१४ मे

भोंग्या,

तार तीस तारखेला आली. पोस्टमन म्हणाला, "आजी, सही करा." मी म्हटलं, "आधी वाचते." वाचली, आणि सही त्याच्या वहीऐवजी दाराच्या चौकटीवर केली. अजून तिथे आहे.

तुझी तार आली, पण तू अर्ज मागे घेतल्याची खबर काही त्या वसतिगृहात पोचली नव्हती. दोन मेला सकाळी बाई हजर, हातात फाइल. चांगली बाई होती, उन्हातून आली होती, म्हणून आत बसवलं. तिने फाइल उघडून वाचायला सुरुवात केली, "मुलगी अशक्त, निरुत्साही, भूक मंद." तेवढ्यात गोटी आतून धावत आली, तिच्या पुढ्यातल्या बशीतलं अंडं उचललं आणि विचारलं, "तुम्हाला पचत नाही का?" आणि खाऊन टाकलं. बाईने फाइल मिटली. मी तिला तार दाखवली, दुसरं अंडं उकडलं, आणि ती जेवूनच गेली. जाताना मला विचारत होती, तुम्ही आमचा आहार तक्ता बघून द्याल का? मी म्हटलं, बघेन, पण आधी तुमचं स्वयंपाकघर बघेन.

ठेवून घेणार असशील तर, असं तू विचारतोस. इतकं सुबक वाक्य लिहिलंस की मला दोनदा वाचावं लागलं. हो, ठेवून घेणार आहे. तीही मला ठेवून घेणार आहे असं दिसतं. काल शेजारणीला माझी ओळख करून देताना म्हणाली, "ही माझी मावशी. छोटी आहे, पण खाते सगळं."

तुझ्या कबुलीबद्दल काही लिहीत नाही. वाचली. पुरे.

आकडे हवेत ना? वजन साडेबारा. उंची जानेवारीत शहाऐंशी सेंटीमीटर होती, आता साडेनव्वद. कपाळावरचे नवे केस काळे येताहेत. चष्मेवालीने तिसऱ्यांदा रक्त तपासायचं का विचारलं. मी म्हटलं, तुमच्या अभ्यासाला हवं असेल तर घ्या, मला नको. मला भिंतीवरच्या उंचीच्या खुणांत दिसतंय. मग गोटीनेच हात मागे लपवला आणि प्रश्न मिटला.

आता बूट. तारेतही तू माप मागितलं होतंस, म्हणून एक मेला कागदावर तिचं पाऊल ठेवून पेन्सिल फिरवली. आज पत्र बंद करायच्या आधी सवयीने पुन्हा तपासावं म्हणून तिला त्याच कागदावर उभं केलं. अंगठा रेषेच्या बाहेर. मी पेन्सिल चुकली असेल म्हटलं. पुन्हा केलं, अंगठा पुन्हा बाहेर. फ्रॉकचंही तेच. शिंपिणीने मार्चमध्ये दुमड ठेवून शिवलेला फ्रॉक परवा दुमड उसवून पुन्हा शिवला.

तो कागद सोबत पाठवते आहे. हे पत्र पोचून, बूट घेऊन, तू दारात येईपर्यंत तो आणखी चुकीचा ठरेल. तेव्हा माप मनाने मोठं धर, आणि बूट ढगळ निघाले तर थोडे दिवस थांब. चौतीस वर्षांत चूक आहे हे माहीत असून मजकूर पुढे सोडायची ही माझी पहिलीच वेळ आहे, आणि मी ती हसत हसत पाकिटात घालते आहे.

मावशी